कवड्या खंड्याची बुडी: भिगवणच्या पाण्यावरच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. सुरुवातीआधी

हवा असलेला फोटो एकच आहे: पाण्यात बुडी मारून मासा घेऊन वर येणारा कवड्या खंड्या. डोळा स्पष्ट, पंख पूर्ण उघडे, थेंब गोठलेले. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो सहा वर्षं काढतेय, त्यामुळे हेही जमेल असं वाटतंय. गेल्या हिवाळ्यात दोनदा प्रयत्न केला होता, पण काय चुकलं ते लिहून ठेवलं नाही आणि दुसऱ्या वेळी त्याच चुका पुन्हा केल्या. म्हणून या वेळी प्रत्येक फेरीची नोंद ठेवणार आहे. कुणाला हेच करायचं असेल तर त्याचे निदान चार रविवार वाचावेत.

जागा उजनी धरणाचा फुगवटा, भिगवणजवळ. पुण्याहून साधारण १०० किलोमीटर. लोक तिथे रोहित पक्ष्यांसाठी जातात, पण कवड्या खंड्या बाराही महिने असतो आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या काठ्यांवर हटकून सापडतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या छातीवर एकच आणि तोही मधे तुटलेला.

सामान: निकॉन डी५००, निकॉनचीच २००-५०० मिलिमीटर एफ/५.६ झूम लेन्स. दोन्ही जुनं घेतलेलं, मिळून सव्वा लाखाच्या आसपास. एकत्र वजन तीन किलोच्या वर. कार्ड घरातलंच जुनं एसडी.

१६ नोव्हेंबर, शनिवार. पहिली फेरी

पहाटे साडेचारला निघाले, पावणेसातला काठावर. नावेचं भाडं १,५००, साधारण तीन तास. पेट्रोल आणि पाटसचा टोल मिळून १,६०० धरा, नाश्ता-चहा २००. म्हणजे एका फेरीचे ३,३००.

१,३८६ फ्रेम काढल्या. ठेवण्यासारखी एकही नाही.

शटर १/१००० होतं, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग उघडं. उडणाऱ्या बगळ्याला ते पुरतं, त्यामुळे इथेही पुरेल असं गृहीत धरलं होतं. रात्री हिशेब मांडला. पक्षी पाच मीटरवरून सरळ पडतो तेव्हा पाण्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला जवळपास दहा मीटर असतो. १/१००० मधे तो एक सेंटिमीटर सरकतो. चोच, डोळा, पट्टे, सगळं त्या एका सेंटिमीटरमधे पुसलं जातं. १/३२०० ला हे सरकणं तीन मिलिमीटरवर येतं.

दुसरं, फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवले होते. कॅमेऱ्याने दर वेळी मागचं पाणकणीस पकडलं. पाणकणसाचे उत्तम फोटो शेकड्यांनी आहेत.

तिसरं, नावेच्या कडेवर लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून उशी केली होती. नावेत पाणी असतंच. तीन तासांत तांदूळ भिजून फुगले, शिवण उसवली. पुढच्या वेळी थर्माकोलचे दाणे भरणार.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुसरी फेरी

शटर १/३२००, फोकससाठी ग्रुप एरिया, म्हणजे पाच बिंदूंचा छोटा गट. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर दिला. अंगठा दाबला की फोकस, सोडला की जिथे आहे तिथेच थांबणार. हा बदल लगेच हाताला बसत नाही. आज निम्म्या वेळा अंगठा दाबायलाच विसरले. पण पुढे सगळं याच बटणावर उभं राहणार आहे असं वाटतंय.

आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर होता, ती चूक. खंड्या घिरटी घालतो, म्हणजे हवेत एका जागी पंख मारत थांबतो, तेव्हा मागे आकाश असतं, पडतो तेव्हा मागे गडद पाणी. कॅमेरा दर वेळी त्या पार्श्वभूमीप्रमाणे उजेड बदलत राहिला. आकाशापुढे पक्षी कोळशासारखा काळा, पाण्यापुढे छातीचा पांढरा रंग पूर्ण जळालेला. काळ्यातून तपशील नंतर वर काढता येतो, जळालेल्या पांढऱ्यात मात्र काही उरत नाही. नऊच्या सुमाराला सगळं हाताने ठरवलं: काठीवर बसलेल्या बगळ्याचा पांढरा रंग जळणार नाही इतपत उजेड घेतला आणि मग खंड्या कुठेही गेला तरी चाकाला हात लावला नाही. त्यानंतरच्या फ्रेममधे निदान रंग बरोबर आहेत.

नावेचे मामा वयाने साठीच्या पुढचे, पिढीजात मासेमारी करणारे. दोन तास माझी धावपळ बघून म्हणाले, "ताई, त्येच्या मागं पळू नका. कॅमेरा जरा मांडीवर ठेवा आन् नुसतं बघा." मी मान डोलावली आणि पुन्हा कॅमेरा उचलला. (हे वाक्य नंतर घातलंय: ते ऐकायला मला पुढचे दोन महिने लागले.)

८ डिसेंबर, रविवार

धुकं. गाडीत काचेवर दव धरू नये म्हणून हीटर लावला होता आणि कॅमेरा शेजारच्या सीटवर. बाहेर काढल्यावर सगळं ठीक होतं. परत गाडीत बसले तेव्हा थंड लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरली आणि ती उतरायला चाळीस मिनिटं गेली. कॅमेरा पहिल्यापासून डिकीत, बॅगेत, बंद ठेवायचा. ३,३०० रुपये, शून्य फ्रेम.

२१ डिसेंबर, शनिवार आणि त्यानंतरचा आठवडा

आजवरची सगळ्यात मोठी चूक याच दिवसांत झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी आठपर्यंत पक्षी लांब होते. नऊनंतर एक जोडी जाळ्याच्या काठ्यांवर आली, ३५ ते ४० मीटरवर. अकरापर्यंत तिथेच होतो. बसलेला पक्षी, शटर १/३२००, फोकस नेमका डोळ्यावर, तरी एकूण एक फोटो मऊ. पिसांना कडाच नाहीत. मनात आलं की लेन्सचा फोकस मागे पडतोय, जुनी घेतली म्हणून फसलो.

घरी येऊन गच्चीवर वर्तमानपत्र टांगलं आणि मेन्यूतल्या एएफ फाइन ट्यूनमधे, म्हणजे फोकस पुढे-मागे सरकवायच्या सेटिंगमधे, आकडे फिरवायला सुरुवात केली. अधिक तीन, अधिक सहा, अधिक नऊ. रोज ऑफिसातून आल्यावर दिवा लावून दीड-दोन तास. पाच मीटरवरच्या वर्तमानपत्राची अक्षरं शून्यावरही स्पष्टच येत होती. तिथेच मला थांबायला हवं होतं. पण मनाने घेतलं होतं की दोष लेन्सचा आहे, म्हणून मी अधिक नऊवर ठेवून दिलं. समोरचा काचेचा फिल्टर काढून पाहिला, त्याने थोडा फरक पडला तसा खात्रीच पटली. दुरुस्तीला लेन्स टाकायची म्हणून खर्चही विचारून आले.

२९ डिसेंबर, रविवार

आज पक्ष्यांचे फोटो काढायचे नाहीत असं ठरवून गेले. काठावर ट्रायपॉड लावला, ३५ मीटरवरची जाळ्याची एक काठी निवडली. तिला नायलॉनचा दोर गुंडाळलेला आहे. फाइन ट्यून शून्यावर आणून त्याच काठीचे फोटो साडेसात, नऊ, साडेदहा आणि साडेअकराला काढले.

साडेसातच्या फोटोत दोराचे धागे मोजता येतात. नऊला जरा कमी. साडेदहाला दोर आहे एवढंच कळतं, पीळ दिसत नाही. साडेअकराला काठीच सापासारखी वाकडी.

लेन्स ठणठणीत आहे. दोष मधल्या हवेचा होता. थंडीत रात्रभर गार पडलेली हवा, तिच्यावर चढणारं ऊन, मधे पाण्याचे आणि ओल्या चिखलाचे वेगवेगळे पट्टे, आणि त्यातून उठणारी थरथर. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसते तीच, फक्त डिसेंबरात डोळ्यांना जाणवत नाही म्हणून सुचली नाही. शटर कितीही वाढवा, ती जात नाही. उपाय दोनच: अंतर कमी ठेवायचं आणि साडेनऊला कॅमेरा बंद करायचा.

पूर्ण आठवडा आणि दोन फेऱ्या यात गेल्या. ज्याला ५०० मिलिमीटरवर मऊ फोटो येतायत त्याने लेन्सला हात लावण्याआधी काठीची ही चाचणी करावी. खर्च काहीच नाही.

फिल्टर मात्र काढलेलाच राहिला. स्वस्तातला होता.

५ जानेवारी २०२५, रविवार. घरीच

गेले नाही. संध्याकाळी गच्चीवर पारव्यांवर सराव. तीन नियम लावून घेतले: अंगठा आधी, शटर नंतर. पक्षी आधी नुसत्या डोळ्याने पकडायचा, मगच कॅमेरा डोळ्याला. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर शोधाशोध करायची नाही, सापडला नाही तर खाली घ्यायचा.

पहिल्या दिवशी दहापैकी दोन वेळा पारवा चौकटीत सापडला. रोज अर्धा तास केलं, आठवड्याच्या शेवटी दहापैकी सात. उजवा डोळा कॅमेऱ्यात असताना डावा मिटायची सवय मोडावी लागली. ते सगळ्यात अवघड. पण डावा उघडा राहिला की पक्षी चौकटीत शिरण्याआधीच दिसतो.

१२ जानेवारी, रविवार

सरावाचा फरक लगेच जाणवला. घिरटी घालणारा खंड्या आता बहुतेक वेळा चौकटीत मिळतो. हवेत एका जागी उभा, शरीर जवळपास उभं, चोच खाली, पंख इतके जलद की डोळ्यांना नुसती धूसर पट्टी, आणि डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. तो पाहताना अजूनही अंगावर काटा येतो.

पण बुडी एकही नाही. कारण कार्ड. घिरटी सुरू झाली की मी शटर दाबून धरायचे. सेकंदाला दहा फ्रेम. जुन्या एसडी कार्डाला ते झेपत नाही, तीन-साडेतीन सेकंदांत कॅमेरा अडखळायला लागतो. खंड्या घिरटी घालतो त्याहून जास्त वेळ. म्हणजे तो पंख मिटून खाली सुटायचा नेमका तेव्हा कॅमेरा आधीचे तीस-चाळीस निरुपयोगी फोटो लिहीत बसलेला. सहा बुड्या अशा गेल्या.

मधेच एक मासेखाऊ घार मासा घ्यायला आली, पाय पुढे टाकून पाण्यावर आदळली. खंड्याला सोडून तिच्यामागे वळले. तीही मिळाली नाही आणि काठीवरचा खंड्याही उडून गेला. एका दिवशी एकच पक्षी, हे यापुढे पाळणार.

२६ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, काठावर गाड्याच गाड्या. पाण्यावर नावांची गर्दी. दोन नावा इंजिन चालू ठेवून रोहितांच्या थव्यात सरळ घुसल्या, उडताना फोटो मिळावेत म्हणून. थवा उठला, लांब जाऊन उतरला, नावा पुन्हा तिकडे. तासाभरात हे चार वेळा झालं. हे पक्षी उथळ चिखलात डोकं खाली घालून दिवसभर गाळून गाळून खातात. दर वेळी उडवलं की खाणं थांबतं आणि जमवलेली ताकद जाते. मामांना मी तिसऱ्या फेरीतच सांगितलं होतं की पक्षी उठला तर फोटो नको, आणि त्यांना ते माझ्याहून चांगलं कळतं. ते इंजिन लांबच बंद करतात आणि पुढे बांबूने नाव ढकलतात.

काठावर एकाने सल्ला दिला की टोपात जिवंत मासे ठेवून वर फांदी रोवली की एका सकाळी काम होतं, चार महिने कशाला घालवायचे. खरं आहे, होतं. मला तो फोटो नकोय. मला या पाण्यावर, त्याने स्वतः हेरलेल्या माशावर मारलेली बुडी हवी आहे. नाहीतर एवढं सगळं करायचं कारणच उरत नाही.

गर्दीमुळे फोटो झाले नाहीत. साडेनऊलाच परतले.

९ फेब्रुवारी, रविवार. आठवी फेरी

आतापर्यंत आठ फेऱ्यांचे साधारण २६ हजार. त्यावर या आठवड्यात नवीन कार्डाचे साडेआठ हजार. डी५०० चं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं की एक्सक्यूडी कार्डाच्याच खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप बी हे वेगवान कार्ड चालतं, ते घेतलं.

आणि तरी कॅमेरा अडखळलाच. पहिल्या दोन बुड्या गेल्या. नावेतच मेन्यू उघडून बसले. दुसऱ्या खाचेत एसडी कार्ड होतं आणि सेटिंग 'बॅकअप'वर, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर. वेगवान कार्ड हळू कार्डासाठी थांबत होतं. एसडी काढून खिशात टाकलं, अडखळणं थांबलं.

पण आजची खरी गोष्ट वेगळी. कार्डाच्या वैतागात मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि अखेर मामा म्हणाले होते तसं नुसतं पाहिलं. दीड तास, वही घेऊन. बावीस बुड्या मोजल्या. त्यातून जे दिसलं ते असं:

घिरटी घालताना तो नेहमी वाऱ्याकडे तोंड करतो. एकदाही अपवाद नाही. मामांना सांगितलं तर ते हसले. "मंग काय! वाऱ्याला तोंड करूनच हुबा ऱ्हातो त्यो. आपुण वाऱ्याच्या अंगाला गेलो की त्याचं तोंड आपल्याकडंच." इथे हिवाळ्यात सकाळचा वारा पूर्वेकडून येतो आणि सूर्यही पूर्वेलाच. म्हणजे नाव पक्ष्याच्या पूर्वेला ठेवली की ऊन माझ्या पाठीशी, वारा माझ्या पाठीशी आणि पक्षी समोरासमोर. इतके दिवस मी फक्त ऊन पाहत होते आणि तेही काठीच्या हिशेबाने. निम्म्या फोटोंत शेपटी का येते याचं उत्तर हे आहे.

बुडीनंतर वर उठतानाही तो वाऱ्यातच उठतो, म्हणजे माझ्याकडे.

तो थेट एका दमात पडतोच असं नाही. कधी थोडा खाली येतो, पुन्हा घिरटी, मग सुटतो. सुटण्याआधी पंख अंगाशी येतात, ती खूण पक्की.

मासा लहान असेल तर उडता उडताच गिळतो. मोठा असेल तर काठीवर नेऊन आपटतो. काठीवर फोकस लावून बसण्यात म्हणून अर्थ नाही.

आणि शेवटचं, ज्याने सगळा बेतच बदलला. पाण्याला टेकण्याच्या क्षणाच्या मागे लागण्यात हशील नाही. दहा मीटर वेगाने पडणारा पक्षी माझ्या दोन फ्रेमच्या मधे एक मीटर खाली जातो. तो स्वतः जेमतेम तीस सेंटिमीटरचा. टेकण्याचा क्षण मिळाला तर नशीब. वर येताना मात्र तो ओला असतो, जड असतो, चोचीत मासा असतो, आणि पाण्यापासून सुटायला त्याला वेळ लागतो. त्या वेळात मला पाच-सहा फ्रेम मिळू शकतात. मी जवळपास तीन महिने पडणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग करत होते. पडू द्यायचा, आपण पाण्यावर थांबायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवी पद्धत. मामांनी नाव पूर्वेला नेली, उथळ पाण्यात बांबू रोवला आणि दोराने नाव त्याला बांधली. हे आधी न केल्यामुळे वारा नावेला पक्ष्याकडे ढकलत होता. काठ्यांची रांग वीस मीटरवर.

क्रम असा: खंड्या घिरटी घालायला लागला की त्याच्यावर फोकस, अंगठा सोडला. लेन्स खाली, त्याच्या बरोबर खालच्या पाण्यावर. डावा डोळा उघडा, वरच्या पक्ष्यावर. पंख मिटले की शटर दाबायचं आणि तीन सेकंद सोडायचं नाही.

पहिल्या चार वेळा चौकट रिकामी. मी ५०० वर, म्हणजे पूर्ण झूमवर होते. वीस मीटरवर ५०० ला चौकट फक्त ९४ सेंटिमीटर रुंद असते, आणि पक्षी कधीच बरोबर खाली पडत नाही, अर्धा मीटर इकडेतिकडे होतोच. शिवाय एफ/५.६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, जेमतेम ३५ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. पाच मीटर उंचावरच्या पक्ष्याचं तिरकं अंतर खालच्या पाण्यापेक्षा साठ सेंटिमीटर जास्त, म्हणजे वर लावलेला फोकस खाली उपयोगाचाच नाही.

३०० वर आले, छिद्र लहान करून एफ/८ केलं. चौकट दीड मीटर रुंद आणि स्पष्ट पट्टा साधारण १.४ मीटर. पक्षी चौकटीत लहान येतो, पण वीस मेगापिक्सेलमधून कापून घ्यायला पुरतो. साडेआठच्या उन्हात १/३२००, एफ/८, आयएसओ १२५०.

दिसलेल्या बुड्या ३१, प्रयत्न ११, चौकटीत ४, स्पष्ट १. मासा नाही, रिकामी चोच. पण पंख उघडे, थेंब गोल गोल गोठलेले, छातीच्या पांढऱ्यात पिसं दिसतायत. मामांना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्यो नर हाय. दोन पट्टं." पाण्यातून अर्ध्या वर आलेल्या ओल्या पक्ष्यात त्यांना ते एका नजरेत कळलं. मी मोठा करून पाहिला तेव्हा पटलं.

घरी गेल्यावर एक गोष्ट खटकली. चौकटीतल्या दोन फोटोंत सगळा पक्षी स्पष्ट, डोळा मात्र दुधी, राखाडी. फोकस चुकला म्हणून उडवणार होते. नीट पाहिलं तर चोच आणि भुवईची पिसं धारदार. तो डोळ्यावरचा तिसरा पडदा आहे. पाण्यात शिरताना खंड्या तो ओढून घेतो आणि बाहेर आल्यावर क्षणात मागे घेतो. म्हणजे अगदी पहिल्या फ्रेममधे जिवंत काळा डोळा मिळणारच नाही, पुढच्या दोन-तीन फ्रेममधे शोधायचा. पूर्वी उडवलेल्या फोटोंत असे किती होते कुणास ठाऊक.

९ मार्च, रविवार

पाणी बरंच मागे सरकलंय. काठ्यांची जुनी रांग चिखलात उभी आहे. मामांनी नवीन जागा दाखवली, एका मातीच्या दरडीजवळ. दरडीत बिळं होती आणि खंड्यांची जोडी आत-बाहेर करत होती. तिथे फोटो अगदी सोपे झाले असते, पक्षी दर काही मिनिटांनी चोचीत मासा घेऊन एकाच वाटेने येत होता. आम्ही नाव मागे घेतली. बिळासमोर नाव उभी राहिली की ते आत जात नाहीत, बाहेर ताटकळतात आणि आत पिल्लं असतील तर ती उपाशी राहतात. जागा इथे लिहीत नाही.

उरलेल्या वेळात लांबच्या काठ्यांवर प्रयत्न केले, पण वारा पडलेला. वारा नसला की घिरटी कमी, ते काठीवरूनच बुडी मारतात. त्यात पंख मिटण्याची खूण मिळत नाही. आठलाच ऊन्ह तापलं, पावणेनऊला थरथर सुरू. सकाळचा मोसम संपत आलाय.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी

सकाळ जमत नाही तर संध्याकाळ बघू म्हणून दुपारी निघाले. मार्चमधे दुपारनंतर इथे वारा पश्चिमेकडून यायला लागतो. म्हणजे तेच गणित उलट्या बाजूने: सूर्य पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, नाव पक्ष्याच्या पश्चिमेला. मामांना सांगायची गरज पडली नाही, त्यांनी आधीच तिकडे बांबू रोवला होता.

साडेचारपर्यंत थरथर होती, नुसतं बघत बसले. पाचनंतर वारा चांगला लागला आणि हवाही निवळली. एक मादी तीन काठ्यांच्या मधल्या पाण्यावर पुन्हा पुन्हा येत होती, अठरा-वीस मीटरवर. पहिली बुडी चौकटीबाहेर. दुसरी चौकटीत, पण पाठ. तिसरीला ती दोनदा खाली येऊन थांबली आणि मी घाईने पहिल्याच वेळी शटर दाबलं, वाया. चौथीला थांबले.

पंख मिटले. दाबलं. ३१ फ्रेम.

पहिल्या आठ रिकाम्या. नववीत फक्त पाण्याचा उडालेला फवारा, ती आत गेलेली. पुढच्या बारा फ्रेममधे पसरत जाणारी वर्तुळं. बाविसावीत डोकं आणि खांदे बाहेर, चोचीत मासा आडवा, डोळा राखाडी. तेविसावीत पंख वर, अजून पडदा अर्धा. चोविसावीत पंख पूर्ण उघडे, पोट पाण्यापासून वीतभर वर, खाली थेंबांची माळ, डोळा काळाभोर आणि त्यात सूर्याचा ठिपका. छातीवरचा तुटका पट्टाही स्पष्ट. पंचविसावीत पंख खाली येऊन तोंड झाकलं गेलं. सव्विसाव्या फ्रेमला ती फोकसच्या स्पष्ट पट्ट्याच्या पुढे आली आणि मऊ झाली.

१/२५००, एफ/७.१, आयएसओ १६००, ३०० मिलिमीटर. उजवीकडच्या पंखाचं टोक किंचित हललंय. १/३२०० ठेवलं असतं तर तेही थांबलं असतं, पण मावळतीच्या उजेडात आयएसओ १६०० च्या वर न्यायला धजावले नाही. पुढच्या वेळी नेईन, कारण नॉइज (वाढत्या आयएसओने येणारे दाणे) काढता येतो, हललेलं पीस परत मिळत नाही.

मासा मामांनी ओळखला, चिलापीचं पिल्लू. त्यांच्या जाळ्यात न सापडण्याइतकं लहान.

चोविसाव्या फ्रेमची मूळ फाइल त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि मगच कार्ड मोकळं केलं. मामांसाठी एक छापायला टाकलाय, पुढच्या फेरीला घेऊन जाईन.